अंगातले घड्याळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



दरवर्षी आपण वर्धापनदिनाला बाहेरगावचे पाहुणे बोलावतो, त्यांना हार-श्रीफळ देतो, ते बोलतात आणि आपण ऐकतो. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या की, आपल्यातल्याच एकीने वाचून-विचारून एखादा विषय मांडावा. हा विषय मी मागून घेतला. मी सातवी शिकलेली बाई. मुलगी कॉलेजातून पुस्तके आणते, ती रात्री जेवणे उरकल्यावर मला वाचून दाखवते. त्यातले जेवढे माझ्या गळी उतरले तेवढेच सांगते.

विषय आहे आपल्या अंगातल्या घड्याळाचा. नाव ऐकून काहीजणी हसल्या. पण घरातच बघा. माझ्या सासूबाईंनी उभ्या जन्मात गजर लावला नाही. पहाटे साडेचारला त्या उठून बसतात. पावसाळ्यात आभाळ भरलेले असो, घरात मिट्ट काळोख असो, वेळ चुकत नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल संपला तरी बाराच्या सुमाराला पोटात कावळे ओरडतातच. हे सारे सवयीने होते असे आपण म्हणतो. सवय आहेच, पण सवयीच्या खाली दुसरे काही आहे.

ही गोष्ट माणसाला प्रथम झाडांनी दाखवली. चिंचेची पाने संध्याकाळी मिटतात, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी अलेक्झांडर बादशहाच्या आरमारातला आंड्रोस्थेनीस नावाचा एक अधिकारी बहारीनच्या बेटावर उतरला. रात्री पाने मिटणारे झाड त्याला तिथे दिसले आणि त्याने ते टिपून ठेवले. जाणती माणसे म्हणतात, ते झाड चिंचेचेच. पण पाने मिटतात ती अंधार पडला म्हणून, की वेळ झाली म्हणून, हे विचारायला पुष्कळ काळ जावा लागला. १७२९ साली फ्रान्समधल्या द मेरां नावाच्या गृहस्थाने लाजाळूसारखे एक रोप अंधाऱ्या जागी कोंडून ठेवले. सूर्य दिसायची सोयच ठेवली नाही. तरी ते रोप दिवसा पाने उघडायचे आणि रात्री मिटायचे. म्हणजे उजेड नसतानाही वेळ कळत होती.

आपल्या अंगणातली गुलबक्षी दुपार कलल्यावर फुलते, दुपारी नावाचे फूल नावाप्रमाणे दुपारी उमलते, पारिजातक पहाटे सडा घालतो. आमच्या शेतावर धडगावकडची एक पावरा बाई कामाला येते. ती सांगते, फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले पहाटेपासून गळू लागतात, म्हणून बायका उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. उशीर झाला तर गुरे खाऊन टाकतात. त्या बायकांना कोणी घड्याळ दिलेले नाही, आणि झाडालाही नाही.

कोंबड्याचे तर आणखी गमतीचे आहे. कोंबडा उजेड पाहून आरवतो असा आपला समज. जपानात नागोया येथील शास्त्रज्ञांनी कोंबड्यांना सदोदित मंद उजेडात ठेवले आणि २०१३ साली आपला निष्कर्ष छापला. उजाडण्याची काही खूण नसतानाही कोंबडे पहाटेच्या सुमाराला आरवतच राहिले. पुढे त्यांना असेही आढळले की, पहिली बांग देण्याचा मान खुराड्यातल्या वरचढ कोंबड्याचा. बाकीचे त्याच्या मागून, आपापल्या पायरीप्रमाणे. हे ऐकून आमच्या घरात बरेच हसू झाले. त्याचे कारण इथे सांगत नाही.

आता हे घड्याळ चालते कसे? त्याचा उलगडा केला चिलटांनी. केळी जास्त पिकली की त्यांच्यावर जी बारीक चिलटे जमतात, त्यांच्याच जातीतली ती माशी. शहाद्याकडच्या बायकांना केळी आणि चिलटे दोन्ही सांगायला नकोत! १९७१ साली अमेरिकेत कोनोप्का आणि बेंझर या दोघांनी अशी चिलटे शोधली की, ज्यांचा दिवस बिघडलेला होता. काहींचा दिवस एकोणीस तासांचा, काहींचा अठ्ठावीस तासांचा, आणि काहींना वेळेचा धरबंदच नाही. बिघाड तिन्हींच्या एकाच जनुकात होता. १९८४ मध्ये ते जनुक हाती लागले, आणि पुढच्या कामासकट या शोधासाठी हॉल, रोझबॅश आणि यंग या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जनुकाचे काम मला समजेना, तेव्हा मुलीने घटिकापात्राचा दाखला दिला. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी लग्नात ते पाहिले असेल. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची. पाणी हळूहळू आत चढते, चोवीस मिनिटांनी वाटी बुडते, घटका भरते. भटजी ती उचलून रिकामी करून पुन्हा सोडतात. आपल्या शरीरातल्या पेशींमध्ये असेच काहीसे चालते. ते जनुक एक प्रथिन तयार करवते. ते साठत साठत पुरेसे झाले की आपलीच पुढची निर्मिती थांबवते. मग साठलेले हळूहळू मोडून जाते, आणि ते संपत आले की पुन्हा भरणे सुरू. फरक एवढाच की ही वाटी भरून रिकामी व्हायला एक घटका नाही, तर जवळजवळ एक अख्खा दिवस आणि रात्र लागते. आणि तिथे उचलायला भटजी नाहीत, तिची तीच बुडते आणि तीच वर येते.

असे घड्याळ एका जागी नाही. यकृतात आहे, आतड्यात आहे, कातडीतही आहे. पण सगळ्यांना वेळ सांगणारे मोठे घड्याळ मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या शिरा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर असते. आकार म्हणाल तर तांदळाच्या दाण्याएवढा, आणि त्यात सुमारे वीस हजार पेशी. एकत्र कुटुंबासारखे समजा. खोल्या पुष्कळ, प्रत्येकीचे आपापले चालते, पण चूल कधी पेटायची ते एकीने ठरवायचे. तिच्या सांगण्याप्रमाणे रात्री मेलॅटोनिन नावाचे द्रव्य पाझरते आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी जाते. पहाटे चारच्या सुमाराला अंग सर्वांत थंड होते, आणि जाग येण्याच्या आधीच शरीर दिवसाच्या तयारीला लागते.

ही तयारी आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हती असे नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येचा वेगळा अध्यायच आहे. पण हल्ली कोणी काही सांगायला गेले की 'हे आमच्याकडे आधीच होते' असे म्हणून विषय बंद करतात, ते मला पटत नाही. केव्हा उठावे ते त्यांनी सांगितले. घड्याळ कुठे बसले आहे आणि ते बिघडते कसे, हे आता कळले. दोन्ही घ्यावे.

बिघडते कसे, त्याकडे वळते. माणसाच्या घड्याळात एक मुळातली खोड आहे. ते चोवीस तासांचे नेमके नाही, थोडे रेंगाळते. १९९९ साली अमेरिकेत केलेल्या मोजमापात ते सरासरी चोवीस तास आणि अकरा मिनिटांचे भरले. फ्रान्समधला मिशेल सिफ्र नावाचा तरुण १९६२ साली घड्याळ न घेता दोन महिने जमिनीखालच्या एका गुहेत राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढले, तेव्हा त्याच्या हिशेबाने ऑगस्टची वीस तारीख होती! झोप-जागेचा फेरा त्याच्या शरीराने चालू ठेवला होता, पण मोजणारे मन पार मागे पडले होते.

मग आपण सगळ्या रोज अकरा-अकरा मिनिटे मागे का पडत नाही? कारण सकाळचा उजेड घड्याळ रोज जुळवून देतो. आपल्या डोळ्यात पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी आहेत. त्या चित्र बघत नाहीत, नुसता उजेड मोजतात आणि मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. निळसर उजेड त्यांना फार लागतो. सकाळच्या आभाळात तो भरपूर असतो, आणि रात्री पांघरुणात धरलेल्या मोबाईलमध्येही असतो. पहिला घड्याळ जुळवतो, दुसरा मागे ढकलतो.

आता आपल्या नंदुरबारचे बघू, कारण हे मला कोणत्याही पुस्तकात एका जागी सापडले नाही, आम्ही मायलेकींनी हिशेब करून काढले. आपल्या मनगटावरची वेळ ही मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवरची वेळ आहे. ती रेषा साडेब्याऐंशी अंशांवर, आणि नंदुरबार सव्वाचौऱ्याहत्तर अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे धरली तर आपला सूर्य घड्याळाच्या तेहेतीस मिनिटे मागे चालतो. नागपूरकरांना सूर्य आपल्यापेक्षा जवळजवळ वीस मिनिटे आधी माथ्यावर दिसतो, घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. साऱ्या देशाला एक वेळ असावी हे ठीक आहे. नाहीतर ताप्ती लाईनच्या गाड्या कशा धावल्या असत्या? पण मुंबईनेसुद्धा ती वेळ सहजासहजी घेतली नाही. देशाची वेळ १९०६ साली ठरली, तरी एकोणचाळीस मिनिटे मागे असलेला 'बॉम्बे टाइम' त्या शहरात १९५५ सालापर्यंत चालू होता.

तेहेतीस मिनिटांनी काय बिघडते, असे कोणी म्हणेल. जानेवारीत आपल्याकडे सूर्य उगवायला सकाळचे सात वाजून दहा मिनिटे होतात. सकाळची शाळा सातला भरते. म्हणजे पोराला सहाला उठवायचे, थंडीत आंघोळ घालायची, डोळे मिटलेल्या पोराच्या तोंडात पोळीचा तुकडा कोंबायचा आणि साडेसहाला रिक्षात बसवायचे, हे सगळे रात्रीच. उजेडाने घड्याळ जुळवायच्या आत शाळेची घंटा होते. माझा धाकटा आठवीत आहे. पहिल्या तासाला त्याचे काय शिकून होते ते त्यालाच विचारावे.

२०२३ च्या डिसेंबरात त्या वेळचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विषय जाहीरपणे काढला, आणि ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शासनाचा निर्णय निघाला की, पूर्वप्राथमिकपासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. निर्णय चांगला होता, त्याबद्दल दुमत नाही. पण मला एक गोष्ट खटकते. लहान मुलांचे घड्याळ मुळात लवकरचे असते; ती आपली आपण उठतात आणि घर डोक्यावर घेतात. वयात येणाऱ्या मुलांचे घड्याळ मात्र आपोआप पुढे सरकते. त्यांच्या अंगात मेलॅटोनिन उशिरा पाझरू लागते आणि सकाळी उशिरापर्यंत रेंगाळते. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा दहाला झोप येत नाही म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. ज्यांना उशीर खरोखर हवा, ती पाचवीच्या पुढची मुले त्या निर्णयात बसलीच नाहीत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ सालीच सांगितले होते की, या वयाच्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत. कॅलिफोर्निया राज्यात तसा कायदा होऊन २०२२ पासून तो लागूही झाला.

मोबाईलचा दोष नाही असे मी म्हणत नाही. तो आहेच, आणि तो काढून घेणे हे आईचे काम आहे. पण मोबाईल काढून घेतल्यावरही मुलगा सव्वादहापर्यंत कूस बदलत पडलेला मी पाहते, आणि हल्ली त्याला आळशी म्हणत नाही.

आता घरच्या दुसऱ्या घड्याळाविषयी. आमची पपई आणि थोडी केळी आहे. शेताला वीज आठ तास मिळते, आणि ती एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात आमचे हे जेवून बॅटरी आणि काठी घेऊन निघतात. उसाच्या कडेने बिबट्याचे भय, बांधावर सापाचे भय, हे तुम्हा सर्वांना माहीत आहे, त्यावर पुष्कळ बोलणे होते. मला बोलायचे आहे ते त्या भयाविषयी नाही. माणूस बिबट्यापासून वाचून पहाटे घरी येतो, तरी त्याचे काहीतरी झिजलेले असते.

मेंदूतले घड्याळ एका दिवसात फार तर तास-दीड तास सरकते. दिवसाच्या माणसाला रात्रीचा करायचा तर आठ दिवस पुरत नाहीत. म्हणजे ते अर्धे सरकते न सरकते तोच पाळी पालटते आणि त्याला उलटे फिरावे लागते. असे वर्षानुवर्षे. पहाटे चारला अंग सर्वांत थंड आणि मन सर्वांत मंद असते. रस्त्यावर डुलकीने होणारे अपघातही याच सुमाराला जास्त होतात. आणि त्याच वेळी हा माणूस ओल्या हाताने मोटारीच्या पेटीशी उभा असतो.

दुसरे खाण्याचे. मेंदूचे घड्याळ उजेडाने जुळते, पण यकृताचे जेवणाने. रात्री दोनला डबा उघडला की यकृत समजते दिवस उजाडला, आणि मेंदू म्हणतो रात्र आहे. घरात दोन माणसे दोन तऱ्हेचे हुकूम सोडू लागली म्हणजे जे होते तेच पोटात होते. शिवाय रात्री साखर जिरवण्याची शरीराची ताकद कमी असते. तीच भाकरी दुपारी खाल्ली तर रक्तातली साखर जेवढी चढते, त्याहून मध्यरात्री जास्त चढते. यांना साखरेचा आजार निघाला त्याला चार वर्षे झाली. रात्रीच्या पाण्यानेच तो झाला असे मी म्हणणार नाही, त्यांच्या वडिलांनाही होता. पण रात्रपाळी करणाऱ्यांत हा आजार जास्त आढळतो, हे जगभर दिसून आले आहे. रात्रपाळीच्या कामाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ साली 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातले आणि २०१९ मध्ये ते पुन्हा तपासून तसेच ठेवले. आपल्यातल्या किती जणींच्या मुली नर्स म्हणून सुरतेला, नाशिकला रात्रपाळ्या करतात! त्यांनी घाबरून नोकरी सोडावी असे मुळीच नाही. पण लागोपाठ पाळ्या पालटू नका, रात्रीच्या नंतर विसाव्याचा दिवस द्या, एवढे मागायला हरकत नाही.

खाण्याच्या वेळेवर मूळच्या ओडिशातल्या सच्चिदानंद पंडा यांनी अमेरिकेत उंदरांवर केलेला प्रयोग ऐकण्यासारखा आहे. दोन गटांना तेच चरबीचे खाणे, तेवढेच. एका गटाला केव्हाही, दुसऱ्याला फक्त आठ तासांत. उंदीर रात्रीचा प्राणी, म्हणून ते आठ तास रात्रीचे. २०१२ साली छापलेला निकाल असा की, केव्हाही खाणारे लठ्ठ आणि आजारी झाले, वेळेत खाणारे पुष्कळ बरे राहिले. आमच्या शेजारच्या जैन काकू दिवे लागायच्या आत जेवतात. त्यांचे कारण धर्माचे आहे, पण मी विज्ञानाचे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तू का नऊला जेवतेस?" नऊला जेवते कारण सगळ्यांना वाढून, शेवटी बसते. हे इथे बसलेल्या बहुतेकींचे उत्तर आहे. हल्ली मी सासूबाईंबरोबर साडेसातला जेवून घेते आणि मग बाकीच्यांना वाढते. पहिले चार दिवस घरात कुरबुर झाली, मग थांबली.

रात्रीच्या पाण्याच्या आठवड्यातही आम्ही थोडे बदलले. हे जेवून जातात, डब्यात भाकरी-पिठले देत नाही, मूठभर फुटाणे आणि ताक देते. गोळ्यांच्या वेळा मात्र डॉक्टरांना विचारूनच लावल्या. हे प्रत्येकीने विचारून करावे. सकाळी घरी आल्यावर मागच्या खोलीला जाड गोधडीचा पडदा लावते आणि दुपारपर्यंत दाराशी कोणाला फिरकू देत नाही. फोन माझ्याकडे असतो. दिवसा झोपणाऱ्या माणसाला आळशी म्हणणारे पाहुणे आले तर त्यांना चहा देऊन वाटेला लावते.

बाळंतिणींसाठी एकच सांगते. तान्ह्या बाळाचे घड्याळ जन्मतः जुळलेले नसते; ते लयीत यायला दोन-तीन महिने लागतात. तोवर रात्री रडणे हा त्याचा हट्ट नाही आणि आईचा नाकर्तेपणाही नाही. रात्रीच्या अंगावरच्या दुधात मेलॅटोनिन असते, दिवसाच्या दुधात ते अगदी थोडे. तेव्हा दिवसा बाळाला उजेडात ठेवावे, रात्री पाजताना मोठा दिवा लावू नये. माझी जाऊ रात्री पाजताना ट्यूब लावायची. तिने मंद दिवा ठेवल्यापासून बाळ पाजल्यावर लगेच झोपते, असे तिचेच म्हणणे आहे.

शेताला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना निघाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. आपल्या परिसरातल्या ज्या वाहिन्या अजून त्यात बसल्या नाहीत, त्यांच्यासाठी बायकांच्या सह्यांचा एक अर्ज तयार केला आहे. पुरुषांचे अर्ज बिबट्याचे आणि सापाचे कारण देतात. आपल्या अर्जात झोपेचे आणि साखरेचे कारण लिहिले आहे. दुसरा अर्ज पाचवी ते दहावीच्या सकाळच्या शाळेविषयी आहे. तो निदान डिसेंबर ते फेब्रुवारीपुरती शाळा साडेआठला भरवावी एवढीच मागणी करतो, म्हणजे रिक्षावाल्यांची आणि दुपारच्या वर्गांची अडचण थोडी राहील. दोन्ही कागद चिटणीसबाईंजवळ आहेत. ज्यांना सही येत नाही त्यांच्यासाठी शाई आणली आहे. पानसुपारी झाल्यावर दाराशी टेबल मांडलेले असेल.